दुधी भोपळा रुचकर कसा होईल?

दुधी भोपळ्याच्या वाट्याला मराठी घरात फारसा मान आलेला नाही. परीक्षेत शून्य मिळाले की ‘भोपळा मिळाला’ असे म्हणावयाचे आणि पानात दुधी दिसला की आजाऱ्याचे पथ्य आठवावयाचे, अशी रीतच पडून गेली आहे. पथ्याला तो चांगला हे खरे. परंतु बेचव असणे हा काही त्याचा स्वभाव नव्हे. तो बहुधा शिजविण्यातला दोष असतो, आणि त्याचे कारण एकदा कळले म्हणजे तो टाळणे अवघड नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातील इचोडा हे गाव नागपूर-हैदराबाद राजमार्गावर, निर्मल व आदिलाबाद यांच्या दरम्यान वसलेले आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा या मुलखात कानी पडतात. मराठी घरातला दुधी शेजारच्या तेलुगू घरात ‘सोरकाया’ होतो. गोंड वस्त्यांत जून झालेला भोपळा पोखरून व वाळवून त्याचा पाणी नेण्याचा तुंबा करण्याची जुनी चाल आहे. उन्हाळ्यात शेतावर जाताना असा तुंबा फार उपयोगी पडतो.

वास्तविक हिरवा असतानाही दुधी हा पाण्याचा तुंबाच असतो. शंभर ग्रॅम दुध्यात सुमारे ९६ ग्रॅम पाणी असते. पिष्ट पदार्थ अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि स्निग्धांश तर जवळजवळ नाहीच. अशा फळात पातेलीभर पाणी ओतून ते उकडावयाचे, आणि मग भाजीला चव नाही म्हणून कुरकुर करावयाची, हे न्यायाला धरून नाही. दुधी रुचकर करणे म्हणजे त्याच्या अंगच्या पाण्याचा नीट बंदोबस्त करणे होय.

पहिली परीक्षा बाजारातच होते. साल फिकट हिरवी व तुकतुकीत असावी, तिच्यावर बारीक लव असावी, देठ हिरवा असावा आणि नख लावताच ते सहज आत जावे. आकाराच्या मानाने दुधी जड लागला पाहिजे. हलका लागला तर तो जून झाला, आत बी टणक झाले व गर कापसासारखा पोकळ झाला असे समजावे. अशा दुध्याला मसाल्याचा कितीही साज चढविला तरी तो रबरबीतच राहतो.

दुसरी परीक्षा घरी, आणि ती कधीही चुकवू नये. दुधी चिरताच दोन्ही टोकांकडचा एकेक लहान तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून पाहावा. किंचितही कडू लागला तर तो थुंकून टाकावा, चूळ भरावी आणि सबंध फळ फेकून द्यावे. कडू भोपळा तीर्थांत कितीदा बुडविला तरी तो कडूच राहिला, अशी एक लोककथा आहे. चुलीच्या बाबतीतही तेच खरे आहे. हा कडवटपणा ज्या विषारी द्रव्यांचा असतो ती शिजविण्याने नष्ट होत नाहीत. गूळ किंवा चिंच घातल्याने कडवटपणा झाकेल, विष मात्र तसेच राहील. २०१० साली दिल्लीत दुध्याचा व कारल्याचा मिसळलेला रस घेतल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू रस मुळीच घेऊ नये व दुध्याच्या रसात दुसऱ्या कशाचाही रस मिसळू नये, असा सल्ला दिला. कारल्याच्या कडूपणात दुध्याचा कडूपणा लपतो, हे त्याचे कारण. कडू दुधी पोटात गेल्यावर ओकारी, जुलाब अथवा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा असे औषध नाही.

आता प्रत्यक्ष पाकसिद्धी. अर्धा किलो कोवळ्या दुध्याला पाव वाटी हरभऱ्याची डाळ पुरते. ती दोन तास आधी भिजत घालावी. दुधी धुऊन साल पातळ काढावी व फोडी सारख्या आकाराच्या कराव्यात. चिरलेल्या फोडी पाण्यात बुडवून ठेवू नयेत. पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, लसूण, सुकी मिरची, कढीपत्ता आणि हळद यांची फोडणी करावी. फोडणीच्या जिनसांचा सुवास तेलात चांगला उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. दुध्यात स्वतःची स्निग्धता नसल्यामुळे ही उणीव फोडणीनेच भरून काढावयाची असते. फोडी व निथळलेली डाळ घालून आच मोठी ठेवावी आणि चार-पाच मिनिटे परतावे, म्हणजे वरचे पाणी उडून कडा किंचित तांबूस होतात.

मीठ घालावयाचे ते यानंतर. मिठाने फोडीतले पाणी बाहेर ओढले जाते. ते आरंभीच घातले तर फोडी परतल्या जात नाहीत, नुसत्या उकडतात. मीठ घातल्यावर आच मंद करून झाकणावर थोडे पाणी ठेवावे. कढईत वेगळे पाणी घालण्याची गरज नाही. दुध्याचे स्वतःचेच पाणी डाळ शिजविण्यास पुरे होते. डाळ बोटाने चेपू लागली की झाकण काढून उरलेले पाणी आटवावे आणि दोन चमचे भाजलेल्या तिळाचे किंवा दाण्याचे कूट घालावे. कूट राहिलेला ओलावा शोषून घेते व भाजीला दाटपणा आणते.

आंबट मात्र शेवटी. चिंच आधी घातली तर डाळ व फोडी दोन्ही लवकर मऊ होत नाहीत. तेलुगू घरांत दुध्याचा ‘पुलुसु’ करतात तो चिंचेचाच. त्यालाही हा नियम लागू आहे. त्याच घरांत दूध घालून दुध्याची सौम्य भाजीही होते. तीत आंबट घालीत नाहीत, आणि दूध अगदी अखेरीस, मंद आचेवर घालावयाचे असते. काढलेली साल कोवळी असेल तर ती तेलावर परतून, तीळ व मिरची घालून वाटावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी उत्तम लागते.

दोडका, पडवळ, कोहळा ही सारी याच कुळातली फळे आहेत, आणि पाण्याविषयीचा हा नियम त्यांनाही लावून पाहण्यासारखा आहे. स्वस्त आणि पचनास हलका असा दुधी ताटात तसाच राहून वाया जाऊ नये, यासाठी एवढी काळजी पुरेशी आहे. शिजविण्यापूर्वी चव पाहावी, पाणी वरून घालू नये आणि मीठ व आंबट आपापल्या वेळी घालावे. मग घरातील मुलेही ‘आज पुन्हा दुधी?’ असे विचारताना नाक मुरडणार नाहीत.