ओरखडे आणि थर

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके सातपुड्याला भिडतात, आणि डोंगरापलीकडच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी पोलीस दप्तरात वर्षानुवर्षे नोंदले जात आले आहे. सोनाळा-टुनकी परिसरात अशी पिस्तुले पकडली गेली की पंचनामा होतो, मुद्देमाल सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. शस्त्र चालू स्थितीत आहे काय आणि घटनास्थळी मिळालेली पुंगळी त्यातूनच बाहेर पडली काय, हे तेथे ठरवायचे असते.

या निर्णयाचा भार तुलना सूक्ष्मदर्शकावर असतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या या यंत्रात दोन सूक्ष्मदर्शक एका प्रकाशीय पुलाने जोडलेले असतात, त्यामुळे घटनास्थळावरची गोळी आणि त्याच शस्त्रातून झाडलेली चाचणी गोळी एकाच वर्तुळात, मधल्या बारीक रेषेच्या दोन बाजूंना दिसतात. परीक्षक गोळी केसभर फिरवत राहतो आणि शस्त्र तेच असेल तर डावीकडचे ओरखडे रेषा ओलांडून उजवीकडे तसेच पुढे जाताना दिसतात. कॅमेरे आणि संगणक आले तरी यंत्राचा मूळ बेत बदललेला नाही, ही कौतुकाचीच बाब होय. कारखान्यातील पिस्तुलाच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. गावठी कट्ट्याची नळी बहुधा गुळगुळीत असते, तरीही कानशीचे फटकारे आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात करणारी खीळ, यांच्या खुणा पुंगळीवर उमटतात, आणि काम हाताचे असल्याने त्या सहसा दुसऱ्या कट्ट्याशी जुळत नाहीत.

थ्रीडी प्रिंटरने, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर चढवून, घडवलेले शस्त्र या पद्धतीला पेचात टाकते. मे २०१३मध्ये टेक्सासमधून जगासमोर आलेल्या ‘लिबरेटर’ पिस्तुलाचे जवळजवळ सर्व भाग प्लॅस्टिकचे होते, फायरिंग पिन मात्र साधा लोखंडी खिळा होता. पुढच्याच वर्षी जपानमध्ये अशी पिस्तुले बनवणाऱ्या एकाला अटक होऊन शिक्षाही झाली. प्लॅस्टिक गोळीच्या तांब्याच्या आवरणापेक्षा मऊ असल्यामुळे गोळीवर ओरखडे उमटण्याऐवजी नळीच झिजते किंवा फुटते, आणि गोळी-पुंगळीवर प्लॅस्टिकचे कण चिकटून राहू शकतात. अवरक्त वर्णपटावरून त्या प्लॅस्टिकचा प्रकार कळतो, पण तोच प्रकार प्रिंटरसाठी बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिक तारेच्या असंख्य रिळांत असतो.

मग थरांकडे वळावे लागते. प्रत्येक प्रिंटरचे तोंड, पट्टे आणि मोटारी थरांत किंचित वेगळी लय सोडतात, हे अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये १४ प्रिंटरांवर दाखवले. परंतु तोंड हा सहज बदलता येणारा, स्वस्त भाग असल्याने या खुणेवर फार विसंबता येत नाही. चाचणीसाठी शस्त्र झाडावे तर ते फुटून पुरावाच नष्ट होण्याची धास्ती, म्हणून ते दुरून, दोरीने चाप ओढून झाडावे लागते. १९५९च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात, तथापि अर्धवट छापलेला तुकडा नेमका केव्हा ‘भाग’ ठरतो, हा वाद न्यायालयात उभा राहण्यासारखा आहे. याहून ढोबळ अडचण हवामानाची आहे: पीएलए हे प्रिंटरमध्ये सर्रास वापरले जाणारे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीतील मुद्देमालाला तेवढी धग लागणे अशक्य नाही. सील करण्यासाठी वितळवलेली लाखही अशा तुकड्यापासून दूर ठेवावी लागेल, आणि पंचनाम्यात पिस्तुलाबरोबर प्रिंटर, उरलेले रीळ व मेमरी कार्ड यांचीही नोंद करावी लागेल.