संकेतस्थळांची सुगम्यता

संकेतस्थळांची सुगम्यता म्हणजे दिव्यांग व्यक्तींसह सर्वांना संकेतस्थळ दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येईल अशी त्याची रचना करणे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ साली आली.

तत्त्वे

आशय जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर चालणारा असावा, ही चार मूलतत्त्वे आहेत. त्यांनुसार माहितीपर चित्राला पर्यायी मजकूर व चित्रफितीला उपशीर्षके असावीत. माउस न वापरता केवळ कळफलकाने सर्व कामे करता यावीत.

मराठी मजकूर

अनेक दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर ही संगणकप्रणाली वापरतात. ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी स्क्रीन रीडर त्यातील निरर्थक रोमन अक्षरेच वाचतो. स्कॅन करून चढवलेला शासकीय आदेश तर त्याच्यासाठी केवळ चित्र असते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये असणे आवश्यक ठरते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही संकेतस्थळाच्या कोडमध्ये करावी लागते. अन्यथा तो हिंदी उच्चारांनी वाचला जाऊ शकतो.

कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात मिळावा यासाठी उपाययोजना करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.