'गुणक' कोणाचा धरायचा?

समजा, जालना जिल्ह्यातील पावसाच्या काही जुन्या नोंदी इंचांत आहेत व त्या मिलिमीटरमध्ये हव्या आहेत. 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत आपण 'गुणक' म्हणजे 25.4 असे लिहिले आणि 'मिमी' हे फंक्शन केले. ते इंचांना 'गुणक'ने गुणते. मग 'अहवाल' हे दुसरे फंक्शन केले. त्याच्या आत कशासाठी तरी वेगळाच 'गुणक' आहे, 10. 'अहवाल'ला 3 इंच दिले की ते 'मिमी'ला बोलावते. उत्तर काय यावे, 76.2 की 30? प्रश्न किरकोळ नाही. महसूल मंडळात दिवसाला 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात.

उत्तर येते 76.2. 'मिमी'च्या आत 'गुणक' नाही, म्हणून शोध बाहेर जातो. पण बोलावणाऱ्याकडे नव्हे, तर 'मिमी' जिथे लिहिले गेले त्या परिसरात. अंबडचा माणूस पुण्यात नोकरीला असला तरी त्याच्या शेताचा सातबारा अंबडच्याच दप्तरी असतो, तसे हे. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990च्या दशकात 'आर' रचताना हा नियम 'स्कीम' या भाषेतून घेतला.

मग बोलावणारा कोण, हे कळतच नाही का? कळते. प्रत्येक हाकेसरशी एक नवी चौकट आधीच्या चौकटीवर चढते. ही झाली हाकांची चळत. 'मिमी'च्या आतून 'पॅरेंट डॉट फ्रेम' विचारले तर 'अहवाल'ची चौकट हाती येते, आणि तिथला 'गुणक' मागितला तर 10 मिळतो. 'पॅरेंट डॉट एन्व्ह' मात्र जन्मस्थान सांगते. नावे इतकी सारखी ठेवायला नको होती!

खरी गंमत पुढे आहे. 'अहवाल'ला 3 ऐवजी 'वाचन()' ही दुसरी हाकच दिली तर? 'आर' आळशी आहे. किंमत लागेपर्यंत ती काढत नाही. ती लागते 'मिमी'तल्या गुणाकारात. म्हणून 'वाचन' चळतीत तिसरे, 'मिमी'च्या डोक्यावर बसते. तरीही त्याला बोलावणारे 'मिमी' नव्हे, 'अहवाल'ही नव्हे. ती ओळ आपण बाहेर लिहिली, म्हणून बोलावणारे आपणच.

'वाचन'मध्ये चूक होऊन काम थांबले, तर 'ट्रेसबॅक' ही चळत छापते: वर 'वाचन', मग 'मिमी', तळाशी 'अहवाल'. पाहणारा 'मिमी'वर संशय घेतो. त्याने तर फक्त किंमत मागितलेली असते.