सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरीच गेली का?

पाडव्याला किंवा दसऱ्याला हार घालून घरी आणलेली मोटारसायकल महिना-दोन महिन्यांत एका सकाळी सेल्फ घेईनाशी झाली, की शेजाऱ्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं. "बॅटरी गेली, बदलून घे." पाठोपाठ कंपनीचा उद्धार. कधीकधी हे निदान बरोबरही निघतं. पण नव्या गाडीत बॅटरी मुळातच खराब असण्यापेक्षा ती अर्धवट चार्ज असणं, तिच्या टर्मिनलचा स्क्रू सैल राहणं किंवा नंतर कुणीतरी मधेच एखादी वायर जोडून देणं, ही कारणं जास्त सापडतात. आणि विजेचा बिघाड अंदाजाने ओळखायची गरज नसते, तो मोजता येतो.

मोजण्याआधी नुसतं ऐकलं तरी बरंच कळतं. सेल्फचं बटण दाबल्यावर सीटखालून टिक-टिक-टिक असा भराभर आवाज आला आणि मीटर विझून पुन्हा लागला, तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच 'खट' वाजून पुढे काही झालं नाही, तर संशय सेल्फच्या रिलेवर किंवा मोटरवर घ्यावा. काहीच आवाज नसेल तर बहुतेक वेळा मामला अगदीच साधा असतो. हँडलवरचा लाल किल स्विच चुकून बंद झालेला असतो, गाडी गिअरमध्ये असून क्लच दाबलेला नसतो, साइड स्टँड खाली असतो किंवा फ्यूज उडालेला असतो. सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा वेगळा बिघाड. तिथे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग सीट काढायची, चावी बंद ठेवायची आणि टर्मिनलवरची वायरची चकती बोटांत धरून फिरवून पाहायची. ती जरा जरी हलली तरी दोषी सापडला. सणाच्या दिवशी शोरूमला एकामागून एक गाड्या द्यायच्या असतात. त्या घाईत बसवलेला स्क्रू शेवटचा अर्धा आटा कमी फिरला, तर रोजच्या खड्ड्यांत तो महिन्याभरात ढिला होतो. मात्र स्क्रू आवळताना पान्याचं एक टोक पॉझिटिव्हवर आणि दुसरं चॅसीला लागलं तर मोठी ठिणगी उडते. म्हणून बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडायची आणि लावताना ती सगळ्यात शेवटी जोडायची.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घरात असेल तर उत्तमच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ दाबलेला असताना आकडा १० च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी दमली आहे. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर नेल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. रेस देऊनही आकडा १३ च्या वर जात नसेल तर चार्जिंग होत नाही. मॅग्नेटची कॉइल किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) तपासावं लागेल आणि तिथे नवीन बॅटरी घातली तरी आठवड्याभरात तीही झोपेल. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट व्होल्टेज आवरत नाही, ते बल्बही खाईल आणि बॅटरीही.

"पण गाडी नवीन आहे, बॅटरी फुल्लच असणार!" गाडी कारखान्यातून निघून यार्डात उभी राहते, मग शोरूममध्ये. बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते, आणि लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून तिची ताकद कायमची घटते. घरी आल्यावर रोजचा प्रवास दोन किलोमीटरचा आणि सेल्फ दिवसातून दहा वेळा मारला, तर खर्च झालेलं भरून येत नाही. पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवणं हा त्यावरचा लोकप्रिय उपाय फारसा कामाचा नाही, कारण आयडलिंगला चार्जिंग कमी असतं आणि हेडलाइट त्यातलाच वाटा घेत असतो. बॅटरी बाहेर काढून चार्जरवर नीट चार्ज करणं हेच बरं.

जुन्या मिस्त्रींची एक तपासणी अजून चालू आहे आणि ती नव्या गाडीवर अजिबात करू देऊ नये. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. पूर्वी ते खपत होतं. आता बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि त्या उसळीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जाऊ शकतो. तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग असतो. ढकलस्टार्टचंही तसंच. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू दोन्हींना वीज लागते, त्यामुळे पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर अख्खी गल्ली ढकलायला आली तरी बहुतेक गाड्या दाद देत नाहीत.

काही 'बिघाड' तर बिघाडच नसतात. दिवसा हेडलाइट बंद होत नाही, ही तक्रार घेऊन लोक अजूनही येतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणून बटणच दिलेलं नसतं. समोरून येणारे काका अजूनही मूठ उघडझाप करून 'लाइट चालू आहे' म्हणून खुणावतात. त्यांना मान डोलवावी आणि पुढे जावं. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागून गाडी चालू लागेपर्यंत तसाच राहतो, चार-दोन मीटर गेल्यावर विझतो. मेन स्टँडवर गाडी लावून चेनला तेल देताना इंजिनवर मागचं चाक फिरवलं तर तोच दिवा पुन्हा लागू शकतो, कारण पुढचं चाक स्थिर आणि मागचं फिरतंय हे सेन्सरला पटत नाही. गाडी पार्किंगमध्ये आडवी झाली असेल तर अनेक मॉडेलमध्ये कलण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद-चालू केली की काम होतं. इंजिनचा पिवळा दिवा मात्र गाडी सुरू झाल्यावरही जळत राहिला तर सर्व्हिस सेंटर गाठावं.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून १० च्या जागी २० अँपिअरचा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हा शुद्ध वेडेपणा आहे. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते. मूळ शॉर्ट शोधायचा असेल तर हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून पाहा. मानेपाशी वायरिंग दबलेलं किंवा घासलेलं असतं.

खरी काशी होते ती ॲक्सेसरीजमध्ये. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, ट्रॅकर अशा गोष्टी नव्या गाडीला लगेच चढतात आणि जोडणारा हेडलाइटची वायर सोलून त्यावरच टेप गुंडाळतो. पावसाळ्यात तिथे हिरवट गंज धरतो. चावी बंद असताना ट्रॅकर फक्त २० मिलिअँपिअर घेत असेल तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. ५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यात दहा दिवसांत रिकामी होते आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकतो. जोडायचंच तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून, चावीबरोबर बंद होईल असं जोडावं. बाहेर हात लावला की अख्खी वॉरंटी संपते, ही भीती बहुधा जास्तीची असते. पण कापलेल्या वायरिंगशी संबंधित क्लेम नाकारायला मात्र कंपनीला आयतं कारण मिळतं. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा वेगळी असते, तिचं कार्ड आणि अनुक्रमांक घेतल्याच दिवशी तपासावा.

कारखान्याचाच दोष कधी नसतो असं मुळीच नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषामुळे मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. त्या दोषामुळे इंजिन मिसफायर होण्याची आणि क्वचित शॉर्ट सर्किटची शक्यता होती. बोलावलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांतच भाग बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता. रिकॉल म्हणजे गाडी बदलून मिळते, हा समज म्हणूनच चुकीचा. तपासणी होते आणि दोषी भाग फुकट बदलतात. आपल्या गाडीचा चॅसी नंबर घेऊन डीलरकडे अधूनमधून चौकशी करायला काही लागत नाही.

'नवी गाडी बिघडली की कायद्याने दुसरी मिळते' हेही तितकंसं खरं नाही. अमुक वेळा बिघडली तर बदलून द्या, असा वाहनांसाठीचा खास कायदा आपल्याकडे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली, परतावा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो, पण दोष सिद्ध करावा लागतो. इथे जॉब कार्ड कामी येतं. काउंटरवरचा माणूस 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होऊ पाहतो. त्याला तुमचेच शब्द लिहायला लावा. 'गाडी गरम असताना सेल्फ घेत नाही, मीटर विझतो', तारीख आणि किलोमीटरसकट. सर्व्हिस सेंटरच्या दारात गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी सुरू होते, म्हणून बिघाड होत असतानाच मोबाइलवर आवाज आणि मीटर दोन्ही येतील असा व्हिडिओ काढून ठेवावा. प्रत्येक वेळी कार्डाची प्रत घ्यावी, तोंडी 'साहेब, झालं काम' चालवून घेऊ नये.

तेवढ्यानेही भागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, तेही तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात. शोरूम कुठे आहे याने अडत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.