सावळा रंग आणि कॅमेरा

माझ्या गायनवर्गातील एक विद्यार्थिनी परवा छायाचित्रांचा संच घेऊन घरी आली. नवऱ्यामुलींची रंगभूषा करणे हा तिचा व्यवसाय. नव्या गिऱ्हाइकाला कामाचा नमुना दाखवता यावा, म्हणून ती अशी चित्रे जमविते. त्यांतले एक पाहून सौभाग्यवतींनी विचारले, ‘ही कोण ग?’ मुलगी आमच्याच गल्लीतली, लहानपणापासून पाहिलेली. पण ओळखू आली नाही! तिचा सावळा रंग पुसून गोरा केलेला. ‘सर, तिच्या आईनेही हेच विचारले,’ विद्यार्थिनी खाली मान घालून म्हणाली. ‘चित्र कोणाला दाखवू नका, असा तिचा निरोप आहे.’

आपल्या भोपाळला ही कला नवी नव्हे. १८६२ साली लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस मध्य हिंदुस्थानातील लोकांची छायाचित्रे घेत येथे आला, तेव्हा राज्यकर्त्या सिकंदर बेगम आणि त्यांच्या कन्या शाहजहान बेगम त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. त्या काळची ओली कलोडियन काच निळा प्रकाश चटकन टिपी. तांबड्या-पिवळ्याला मात्र जवळजवळ आंधळी. त्यामुळे विड्याने रंगलेले ओठ काळे उमटत आणि गव्हाळ कांती असे त्याहून सावळी दिसे. पुढे इंदूरला बांधकाम खात्यात असताना छायाचित्रणाकडे वळलेले राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी चित्रशाळा काढली. तेथे छायाचित्रे घेणारीही बाईच होती. समोरची व्यक्ती निःसंकोच बसल्यावाचून चेहरा खुलत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आजच्या कॅमेऱ्याला सारे रंग दिसतात. तेव्हा आता रंग बिघडला, तर दोष यंत्राचा नव्हे, आपल्या हाताचा.

मग चेहरा खुलवावा कसा? मुलीला खिडकीजवळ किंचित तिरपे बसवावे. ऊन अंगावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा सोडावा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरली, की गालावरची छाया मवाळ होते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि चार-पाच हात लांब ठेवावा. फार जवळ नेला तर नाक मोठे दिसते. समोरून फ्लॅश मारू नये. काही पावडरी त्या उजेडात पांढऱ्या फटक दिसतात. रंगभूमीवरची रंगभूषा शेवटच्या रांगेसाठी असते; कॅमेरा हातभर अंतरावरचा प्रेक्षक, त्याला थोडके पुरते. आणि चित्र टिपण्याआधी चार गोष्टी बोलाव्या. वर्गातही मूल बिचकले, की त्याचा आवाज कोंडतो.

हे सांगून झाल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, ‘पण गोरे केलेले चित्र लोकांना आवडते, सर.’ मी म्हटले, ‘आवडते खरे. पण तो संच पाहून उद्या एखादी सावळी मुलगी विश्वासाने तुझ्याकडे येईल. तिला तू काय देणार?’

गेल्या रविवारी तिने त्याच मुलीला पुन्हा बोलाविले आणि सकाळच्या उजेडात खिडकीशी बसविले. नवे चित्र आम्हीही पाहिले. रंग सावळाच आहे, डोळे हसरे आहेत. हे चित्र मात्र संचात ठेवायला मुलीने आपण होऊन परवानगी दिली, आणि एक प्रत आईसाठी मागून नेली.