सही कशावर केली, ते ठाऊक आहे?

अकोल्याची मावशी चार दिवसांसाठी अमरावतीला आमच्याकडे आली होती. रविवारी दुपारी मुलानं टीव्हीवर एक इंग्रजी चित्रपट लावला, 'द ब्लाइंड साइड'. २००९ सालचा. यातल्या कामासाठी सॅन्ड्रा बुलकला ऑस्कर मिळालं होतं. रात्री टेकायला जागा नसलेला एक आडदांड काळा पोरगा, त्याला घरी आणणारी एक श्रीमंत गोरी बाई, अन् पुढं तो पोरगा मोठा खेळाडू होतो, अशी गोष्ट. मावशीला भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण पदर डोळ्यांना लागलाच. म्हणाली, "देवमानसं हायेत व ते!"

पोरगा खरा आहे. मायकेल ओहर. जन्म १९८६, अमेरिकेतलं मेम्फिस शहर. बारा भावंडांतला एक. आई व्यसनात बुडालेली, त्यामुळे लहानपण कधी सरकारनं ठरवून दिलेल्या घरात, कधी कुणाच्या ओसरीला.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा अन् त्याची जागा लाइनमनची. (आपल्याकडे लाइनमन म्हटलं की खांबावर चढणारा वीजवालाच आठवतो!) चेंडू फेकणारा हा संघाचा हिरो. तो समोर बघत असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून शंभर-सव्वाशे किलोचा गडी धावून येतो. त्या गड्याला अडवायचं, बस्स, एवढंच लाइनमनचं काम. चेंडू सहसा हाताला लागत नाही, गुण नावावर चढत नाहीत. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं, कोपऱ्यात उभं राहून पाय धरणाऱ्याचं होत नाही, तसंच हे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या या गावात ते वेगळं सांगायला नको. लाइनमनकडे पंचाचं बोट जातं ते त्यानं चूक केली की. भाजीत मीठ बरोबर पडलं तर कोण बोलतं, मैत्रिणींनो?

या कामात ओहर पक्का होता. २००९ मध्ये बाल्टिमोरच्या संघानं त्याला पहिल्याच फेरीत उचललं. तिथल्या पाच हंगामांत साखळीतला एकही सामना त्यानं चुकवला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये संघानं सुपर बोल जिंकला, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा सामना. पुढं टेनेसी, मग कॅरोलिना. २०१६ मध्ये डोक्याला मार बसला अन् खेळणं थांबलं ते थांबलंच. चित्रपटात मात्र त्याला खेळ जणू त्या घरानंच शिकवला, असं दाखवलंय. ते त्याला मुळीच आवडलं नव्हतं, २०११ च्या आपल्या पुस्तकात त्यानं तसं लिहिलंही.

आता पुढचं ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये ओहर कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं, की २००४ मध्ये, अठरावं नुकतंच पूर्ण झालेलं असताना, त्या कुटुंबानं आपल्याकडून कागदांवर सह्या घेतल्या. आपल्याला वाटलं हे दत्तकच. प्रत्यक्षात तो 'कॉन्झर्व्हेटरशिप'चा कागद होता. म्हणजे ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, अशा मोठ्या माणसाचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती देणारा कोर्टाचा हुकूम. कुटुंबानं आरोप नाकारले. आम्ही त्याला मुलासारखंच पाहिलं, कॉलेजच्या खेळाच्या नियमांसाठी तो कागद लागत होता, चित्रपटाचे पैसे सगळ्यांत वाटले, असं ते म्हणाले. खरं कुणाचं, हे मी इथं बसून ठरवणार नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशबाईंनी तो हुकूम रद्द केला अन् धडधाकट माणसावर असा हुकूम झालेला आपण कधी पाहिला नाही, असंही बोलून दाखवलं. पैशांचा हिशेब काही त्या दिवशी मिटला नाही.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मीबी केली होती व सही. बाबा गेल्यावर. भावानं मोटरसायकलवर नेलं तालुक्याले."

"कशावर केलीस?"

"काय मालूम. भाऊच तं व्हय, त्याच्यासमोर कागद वाचत बसू काय?"

तो कागद वारस नोंदीचा होता, की हक्कसोडीचा? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. वारस नोंदीत बाईचं नाव चढतं, हक्कसोडीत ते जातं. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं अन् त्याची नक्कल मागता येते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा २००५ पासून आहे. त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण समजून-उमजून, नोंदवून हक्क सोडला असेल तर तो परत मिळवणं भारी अवघड. भावाशी भांड, असं मी मावशीला म्हटलं नाही. तिला भावाचं घर तुटायला नको आहे, राखीला जायचं आहे. हे समजतं मला.

परवा अकोल्याहून तिचा फोन आला. तब्येत, पाऊस, भाचीचं लग्न सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता आवाज जरा खाली आणून म्हणाली, "कावं, आपल्या मूर्तिजापूरच्या वावराचा सातबारा मोबाइलवर दिसते म्हन्तात. तुह्या पोराले पाहाले सांग ना. माहं नाव हाये का त्याच्यात, तेवढंच पाहा म्हना."