अब्बांचा 'फ्लॉप शो'

गाणं सुरू झालं की अब्बा उठून चपला शोधायला लागायचे. शेजारच्या काकांच्या ओटीवर आम्ही दहा-पंधरा जण टीव्हीसमोर बसलेलो असायचो. कार्यक्रम संपत आला की 'फ्लॉप शो'चं ते शेवटचं गाणं लागायचं आणि अब्बा म्हणायचे, "चलो, हो गया." काकू म्हणायच्या, "भाऊसाहेब, गाणं तर होऊ द्या." "नको वहिनी, सकाळी लोकल आहे," असं म्हणून अब्बा निघायचे. मी मुद्दाम मागे रेंगाळायची. ही १९८९ची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

आज अब्बांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्याइतका या मालिकेचा दिवाना मी दुसरा पाहिलेला नाही. दहाच भागांची मालिका, पण कोणत्या भागात कोण काय म्हणतो ते त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या या वेडाच्या मुळाशी अम्मीचा एक आजार आहे, जो अम्मीला कधी झालाच नव्हता. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

आमचं घर टाकवे बुद्रुकला, आंदर मावळात. आळीत मुसलमानांचं घर आमचं एकटंच. अब्बा एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. पहाटे फज्रची नमाज, मग सायकलने कान्हे स्टेशन आणि तिथून लोकल. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन सायकल चालवणारा हा माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. घरात रेडिओ होता, तो बातम्यांपुरता. टीव्ही नव्हता. पैसे नव्हते हे एक कारण, आणि घरात गाणंबजावणं नको हे दुसरं. या प्रश्नावर उलेमांची मतं आहेत, त्यात मी पडत नाही. आमच्या घरचा रिवाज तो होता, एवढंच.

खरं म्हणजे मावळच्या माणसाला गाण्यातून हसवणं नवं नाही. 'गाढवाचं लग्न' हे वगनाट्य ज्यांनी गाजवलं ते दादू इंदुरीकर तळेगावजवळच्या इंदोरीचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. अब्बांनी लहानपणी एका जत्रेत दादाजानना न सांगता हा वग पाहिला होता. हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते आमची लग्नं झाल्यावर.

तर, अब्बा शेजारी जायचे ते बातम्यांसाठी. त्या काळात दूरदर्शनवर जसपाल भट्टी यांचे 'उलटा पुलटा' नावाचे काही मिनिटांचे तुकडे लागत. लांब चेहऱ्याचा, दाढी-पगडीवाला एक सरदारजी अजिबात न हसता काहीतरी बोलून जायचा आणि समोरचे पोट धरून हसायचे. अब्बांना हा माणूस आवडला. भट्टी अमृतसरचे, चंडीगडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेले. कॉलेजात असताना त्यांनी 'नॉनसेन्स क्लब' काढला होता आणि त्यातून ते पथनाट्यं करत. 'द ट्रिब्यून'मध्ये व्यंगचित्रंही काढत. 'फ्लॉप शो' त्यांनी पत्नी सविता भट्टी यांच्यासोबत केला. पडद्यावरही सविताबाई बहुधा त्यांच्या पत्नीच असत, आणि विवेक शौक वेगवेगळ्या सोंगांत यायचे.

दर भाग कोणाला तरी 'अर्पण' केलेला असे, आणि तो नेमका त्यांनाच, ज्यांची खोड काढायची आहे. शेवटी एखाद्या गाजलेल्या हिंदी चित्रपटगीताची चाल घेऊन त्यावर नवे शब्द बसवलेले असत. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले'त मराठी कवितेचं जे केलं, तेच इथे फिल्मी गाण्याचं होत होतं. उर्दूत आपण याला पॅरडी म्हणतो, मराठीत विडंबन. चाल ओळखीची असल्यामुळे शब्द लगेच डोक्यात बसतात. नको असले तरी.

एक भाग पीएचडीच्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणाऱ्या मार्गदर्शकावर होता, एक सरकारी बैठकांवर होता. आणि एक होता खोट्या वैद्यकीय बिलांवर. आजारी नसताना आजारपणाची बिलं लावून सरकारकडून पैसे घेणारे कर्मचारी हा त्याचा विषय. त्या रात्री ओटीवर सगळे हसत होते. काकांचा धाकटा भाऊ सरकारी नोकरीतच होता, तो सगळ्यांत मोठ्याने हसत होता. अब्बा हसत नव्हते. गाणं लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी चपला शोधल्या नाहीत. गाणं पूर्ण संपेपर्यंत ते बसून राहिले. मला वाटलं, अब्बांना गाणं आवडलं.

खरी गोष्ट दुसरी होती. त्यांच्या कार्यालयात हा प्रकार राजरोस चालायचा. एक सहकारी सगळ्यांची बिलं जमवायचा, एक औषधवाला हवं ते लिहून द्यायचा, आणि दोघं आपापला हिस्सा कापून घ्यायचे. अब्बांनी कित्येक वर्षं यात भाग घेतला नव्हता. पण त्या वर्षी घर शाकारायचं होतं. कौलं फुटली होती, दोन वासे कुजले होते, आणि आंदर मावळचा पाऊस कोणाची वाट पाहत नाही. सहकारी म्हणाला, "अहो, सगळेच घेतात." अब्बांनी होकार दिला. ३४० रुपयांचं बिल तयार झालं. त्यात अम्मीला टायफॉइड झाला होता.

अब्बा पाच वक्तांचे नमाजी होते. हराम कमाईवरची बयानं त्यांनी जुम्म्याला कितीदा ऐकली असतील. पण ते म्हणतात, "बयान सुनते वक्त मुझे सूदखोर याद आते थे, रिश्वतखोर याद आते थे. बिल याद नहीं आया." कागदावर सही आहे, शिक्का आहे, सगळे घेतात, मग त्याला चोरी कोण म्हणणार? त्या रात्री शेजाऱ्यांच्या ओटीवर प्रथमच त्यांना तो कागद बाहेरून दिसला. मला वाटतं, विनोदाचं हेच एक काम आहे जे उपदेशाला सहसा जमत नाही. उपदेश ऐकताना माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. हसता हसता स्वतःच पकडला गेला, तर त्याला तेवढा वेळ मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी बिल परत मागितलं. ते सोपं गेलं नाही. एकाने कागद काढून घेतला की बाकीच्यांना धास्ती वाटते. आधी समजावणं झालं, मग टोमणे झाले. महिनाभरात त्यांचं टेबल बदललं आणि ते अभिलेख कक्षात, जुन्या फायलींच्या धुळीत जाऊन बसले, ते सात वर्षं. कार्यालयात त्यांना नाव पडलं 'फ्लॉप शो'. "काय फ्लॉप शो, आज डबा काय?" असं लोक विचारायचे. अब्बा सांगतात की सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर ते स्वतःच फोनवर "फ्लॉप शो बोलतोय" म्हणू लागले.

घर त्या वर्षी शाकारलं गेलं नाही. फुटक्या कौलांवर प्लास्टिकचा कागद टाकला आणि पावसाळ्यात मधल्या खोलीत तीन बादल्या आणि एक परात मांडली. रात्री उठून बादली रिकामी करण्याच्या आमच्या पाळ्या होत्या. माझ्या धाकट्या भावाला त्या वर्षी खोकला लागला तो दिवाळीपर्यंत राहिला, आणि त्याच्या औषधाचे पैसे मात्र खरे गेले. अम्मीला टायफॉइडची हकीकत कळली ती याच पावसात. ती भडकली, पण छपरासाठी नव्हे. "मेरेकू बीमार किए, और मेरेकूच मालूम नै?" हे वाक्य आमच्या घरात आजही चालतं. कोणी कोणाला न विचारता काही ठरवलं की अम्मीचा टायफॉइड निघतो.

अब्बांच्या मनात एक खटक मात्र बरीच वर्षं होती. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची टवाळी करायला आणि एकमेकांना वाईट नावं ठेवायला मनाई आहे. मग हा कार्यक्रम पाहावा का? त्यांनी स्वतःच काढलेलं उत्तर असं. भट्टी कोणाच्या गरिबीला, रंगाला, जातीला, व्यंगाला हसत नाहीत. आणि बहुतेक भागांत लबाडी करणारे किंवा लबाडीत अडकणारे ते स्वतःच असतात. जो आधी स्वतःला हसतो त्याची थट्टा वेगळी, असं अब्बांचं म्हणणं. आजकाल कॉमेडीच्या नावावर बायकांच्या वजनाला आणि माणसांच्या काळ्या रंगाला जे हसणं चालतं, ते सुरू झालं की अब्बा टीव्ही बंद करतात. मी त्यांच्याशी सहमत आहे.

टीव्ही आमच्याकडे १९९२ला आला, जुना, ब्लॅक अँड व्हाइट. अब्बांनी तो घेतला तो ही मालिका पुन्हा दाखवतील या आशेवर. अँटेना फिरवायला मी पत्र्यावर चढायची. तोवर छपरावर कौलांच्या जागी पत्रा आला होता.

२५ ऑक्टोबर २०१२ला, गुरुवारी, बकरी ईद दोन दिवसांवर असताना बातमी आली. 'पॉवर कट' या आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी फिरत असताना पंजाबात शाहकोटजवळ मोटार अपघातात भट्टी गेले. वय ५७. चित्रपट दुसऱ्या दिवशी लागायचा होता. घरात मसाले कुटणं चाललं होतं, मुलं बकऱ्याभोवती नाचत होती. अब्बा ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी शेजारचे काका काठी टेकत आले आणि दोघं बराच वेळ काही न बोलता बसले. पुढच्या वर्षी भट्टींना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं, ते कात्रण अब्बांच्या डायरीत आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. तंज आणि मिझाह यांतला फरक, म्हणजे उपरोध आणि निखळ विनोद यांतला, नववीच्या मुलांना व्याख्येने समजत नाही. गेल्या वर्षी मी त्यांना या मालिकेची रीत सांगितली आणि म्हटलं, तुम्हीही लिहा. अट एकच : ज्या लबाडीवर लिहाल ती तुम्ही स्वतः केलेली हवी. एका मुलीने परीक्षेतल्या कॉपीवर गाणं लिहिलं आणि 'खिडकीतून चिठ्ठ्या फेकणाऱ्या प्रेमळ पालकांना' ते अर्पण केलं. वर्गात हशा पिकला. दोन दिवसांनी एक पालक तक्रार घेऊन आले. मी त्यांना चहा दिला आणि गाणं वाचायला दिलं. वाचून ते काही बोलले नाहीत. कागद टेबलावर ठेवून गेले.

तो कागद मी घरी आणून अब्बांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. मग बोटाने ताल धरत मला विचारलं, "और धुन कौनसी है?"